मीठवाल्यांचा रास्ता रोको

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. ग्रोवरने दमच दिला होता, "लिहिलंस तर तुझा मोबाईल परत उघडणार नाही." आणि माझ्या मोबाईलची अवस्था बघता ही धमकी साधी नव्हती. मग परवा तोच आला, माझ्या दाराबाहेर उकिडवा बसला आणि म्हणाला, "लिही बाबा. पण माझं नाव नीट लिही. आणि गाढव हा शब्द एकदाच वापर."

एकदा वापरून झाला. आता पुढे.

ग्रोवर किस्बेर्त, वय चोवीस. डोंगरावरच्या एल आल्तो शहरात, मिनीबस थांबतात तिथून दोन गल्ल्या मागे त्याची मोबाईल दुरुस्तीची टपरी आहे. टपरी म्हणजे पत्र्याचं कपाट, त्यात एक माणूस. डोळ्यात भिंग अडकवायचं आणि दिवसभर राईएवढे स्क्रू फिरवत बसायचं. कोणाच्या हाताखाली शिकला नाही. बिघडवून बिघडवून शिकला, आणि तेही लोकांचे मोबाईल.

त्याचा दोस्त एदसोन तार्की. दुसरीपासून एका बाकावरचे दोघं. एदसोन भिंतींना गिलावा करायचा, रंग द्यायचा. शांत पोरगा. खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, त्यामुळे शाळेत मार नेहमी त्यालाच पडायचा आणि ग्रोवर सुटायचा.

तर हा एदसोन स्पेनला निघाला होता. रविवारी पहाटे सहाचं विमान. तिकडे त्याची मोठी बहीण मारलेने एका म्हातारीची देखभाल करते, आणि तिने भावाला लिंबांच्या कारखान्यात चिकटवलं होतं. जायच्या पंधरा दिवस आधी एदसोन टपरीवर आला, स्टुलावर बसला आणि बराच वेळ नुसता चिमट्याशी खेळत राहिला.

"काय झालं?" ग्रोवर म्हणाला. "विमानाची भीती वाटते का?"

"नाही रे. मारलेनेची म्हातारी आहे ना, तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमच्या देशात ते मिठाचं मैदान आहे म्हणे, पावसात आभाळ खाली उतरतं तिथे, तू बघितलंस का?"

"मग?"

"मारलेने म्हणाली, हो तर, दर वर्षी जायचो. झालं. सहा वर्षं रोज सांगते. आता तर वारा कसा होता, तिथे काय खाल्लं, तेही सांगते. म्हातारी वाट बघत्ये आता, भाऊ येऊ दे, तो अजून सांगेल."

ग्रोवर हसायला लागला. एदसोन नाही हसला.

"मला नाही जमणार, ग्रोवर. माझे कान. आणि दुसरं म्हणजे, मारलेने दोन वर्षांसाठी गेली होती. सहा झाली. मी कधी परत येईन कोणाला माहीत? अख्खी दुनिया बघायला येते आणि आपण खाटकाच्या कॅलेंडरवर बघितलंय. जायच्या आधी मला ते एकदा बघायचंय. एकदाच. बस."

आता आपल्याकडचा माणूस तिकडे कशाला जाईल? ते गोऱ्यांनी जायचं. आपण जायचं बारशाला, लग्नाला, मयताला. ग्रोवर तोपर्यंत एकदा ओरुरोला कार्निव्हल बघायला गेला होता आणि एकदा पाताकामायाला चुलत आजोबांच्या मातीला. बस, एवढाच प्रवास. पण दोस्त असं बोलला की माणूस फुगतो.

"तू फक्त बॅग भर," तो म्हणाला. "सगळं मी ठरवतो."

आणि इथूनच गोंधळ सुरू झाला.

टीव्हीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा होता, त्यावर त्याने मार्करने बेत मांडायला घेतला. वर लिहिलं 'उयुनी', म्हणजे त्या मैदानाचं गाव. खाली दोन रेघा मारल्या. मग लोकांना विचारायला लागला. हीच चूक. विचारलं की प्रत्येकाला माहीत असतं, आणि गेलेला कोणीच नसतो.

त्याची आई, म्हणजे फिदेलियाबाई, म्हणाली, "जानेवारीत? डोकं फिरलंय का? मैदानात पाणी भरलेलं असतं. गाडीसकट बुडाल."

मिनीबसवाला रेमिहियो म्हणाला, "पाणी असतं तेव्हाच जायचं. आरसा होतो त्याचा."

"आरसा घरात नाही का?" आई म्हणाली.

कोणी म्हणालं रबरी बूट न्या. कोणी म्हणालं रबर मिठाने फुटतं, अनवाणी चाला. कोणी म्हणालं अनवाणी चाललात तर पायाची सालं निघतात. एक म्हणाला चार तासांत बघून होतं, दुसरा म्हणाला तीन दिवस लागतात, तिसरा म्हणाला बघायला काय आहे, मीठ आहे, ते ताटात पण असतं. ग्रोवरने सगळं लिहून घेतलं. पुठ्ठ्यावर 'बूट' हा शब्द पाच ठिकाणी झाला. दोन खोडलेले, एकाला गोल, एकापुढे प्रश्नचिन्ह. पाचवा कशासाठी लिहिला ते त्याला स्वतःलाच आठवेना.

तरी बेत एकदाचा उभा राहिला. मंगळवारी संध्याकाळी बस. बुधवारी सकाळी उयुनी. बुधवार पूर्ण मिठावर. गुरुवारी उरलंसुरलं, आणि शुक्रवारी सकाळी घरी. शनिवारी एदसोनच्या घरी निरोपाचं जेवण, रविवारी विमान. दोन सीट फोनवर सांगून ठेवल्या, त्यातली एक खिडकीची. एदसोनने बॅग भरली. कोणाचे तरी रबरी बूट आणले, ते दोन्ही डाव्या पायाचे निघाले, पण ते सोडा.

मध्ये चोवीस तारीख आली, अलासितासची. जत्रा. ग्रोवरच्या नीवेस मावशीचा तिथे दर वर्षी स्टॉल असतो. तुला जे हवंय ते वर्षभरात मिळायला पाहिजे तर त्याचं चिमुकलं रूप घ्यायचं, धूप द्यायचा, वर बियर शिंपडायची आणि एकेकोबाबाच्या, म्हणजे भरभराटीच्या देवाच्या हवाली करायचं. घर हवं तर घर, गाडी हवी तर गाडी, सगळं तळहाताएवढं. मावशी चिमुकल्या बॅगा विकते, आत पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट घालून. ग्रोवरला त्या दिवशी जाता आलं नाही. तीन मोबाईल पाण्यात पडलेले आले होते. म्हटलं, जत्रा आहे की अजून, जाऊ नंतर.

गेला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

सोमवारी सकाळी, बस सुटायच्या आदल्या दिवशी, ग्रोवरच्या डोळ्यात भिंग, हातात कोणाचा तरी उघडलेला मोबाईल, आणि त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर फुटबॉलच्या ग्रुपमध्ये एक फोटो येऊन पडला. वर्तमानपत्राचं पहिलं पान. ठळक अक्षरं:

उयुनी बंद! मीठवाल्यांचा बेमुदत रास्ता रोको. पर्यटकांच्या बुटांना चिकटून जाणाऱ्या मिठाची भरपाई द्या, अन्यथा एकही बस जाऊ देणार नाही.

खाली चित्र. पांढऱ्या जमिनीवर फावडी घेऊन माणसं बसलेली, पुढे दगड रचलेले.

बुटांना चिकटून जाणारं मीठ. आता तुम्ही म्हणाल, याला हे वाचून काही वाटलं नाही का? नाही वाटलं. आमच्याकडे रस्ता कशासाठी अडवत नाहीत ते सांगा. आईच्या माहेरी शाळेची नवी घंटा शेजारच्या गावाला दिली म्हणून चार दिवस रस्ता बंद होता. मीठ तर खरंच त्यांचं होतं.

तरी त्याने खात्री करून घ्यायची म्हणून बसच्या तिकीटखिडकीवर फोन लावला.

"बाई, उयुनीचा रस्ता चालू आहे का?"

"आत्ता या मिनिटाला चालू आहे."

"आणि उद्या?"

"उद्याचं मला काय माहीत? मी काय देव आहे?"

"म्हणजे बंद होणार?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग चालू राहणार?"

"तसंही म्हटलं नाही. तिकीट देणं माझं काम, पोचवणं ड्रायव्हरचं, आणि रस्ता कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. सीट ठेवू का सोडू?"

ग्रोवरने भिंग काढून डोळा चोळला. ही बाई रोज प्रत्येकाला हेच सांगते, हे त्याला माहीत होतं. पण त्या दिवशी त्याला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे, खिडकीवर बसून बोलता येत नाही बिचारीला. वाटेत अडकलो तर? चार दिवस गाडीत बसून राहिलो तर? एदसोनचं विमान जायचं. मीठही गेलं आणि स्पेनही.

"सोडा," तो म्हणाला.

एदसोनला त्याने फोटो पाठवला नाही, तोंडी सांगितलं. कशाला पाठवायचा, असंही पोरगं हिरमुसलं असतं. "दोन दिवसांत सुटेल," म्हणाला. "बुधवारी निघू."

"नक्की?"

"अरे, मीठवाले किती दिवस बसणार? ऊन कसलं असतं तिथे."

दुपारी रेमिहियो चार्जर घ्यायला आला. ग्रोवरने त्याला सांगितलं, उयुनीला मीठवाले बसलेत. रेमिहियो म्हणाला, "बसणारच," आणि मिनीबस घेऊन गेला. एवढंच.

संध्याकाळी आई बाजारातून आली ती पिशवी टेकवायच्या आधीच बोलायला लागली. "ऐकलंस का? उयुनीचा रस्ता बंद. भाजीवालीच्या दिराचा ट्रक अडकलाय तिकडे."

"बघ!" ग्रोवर म्हणाला. "बघ, म्हणजे खरंच."

"खरं म्हणजे काय? चाळीस ट्रक आहेत म्हणे."

मंगळवारी ते साठ झाले. बुधवारी कोणी तरी सांगितलं की अडकलेल्या लोकांना नन्स शेंगदाण्याचं सूप वाटतायत. मग समजलं की सूप संपलं. मग समजलं की मंत्री जाणार. मग मंत्री गेलाच नाही, कारण रस्ता बंद. ग्रोवर ज्याला त्याला विचारायचा, "सुटला का?" आणि जो तो सांगायचा, "बोलणी चालू आहेत." बातम्या लावल्या तर बातम्यांत काहीच नाही. आई म्हणाली, "दाबतात." रेमिहियो म्हणाला, "आमच्या बातम्या कधी दाखवतात का ते?" ग्रोवरला दोन्ही पटलं.

मधल्या वेळात पुठ्ठ्यावर दुसरे बेत चढत होते. एदसोन रोज बॅग घेऊन यायचा, स्टुलावर बसायचा. ग्रोवर एकेक नाव वाचायचा.

"तितिकाका. बेटावर जाऊ."

"सहावीत सहलीला गेलो होतो. होडीत बाईंच्या अंगावर उलटी केली होती मी. बघितलंय ते."

"कोरोइको?"

"दरड आली. खरी."

"खरी म्हणजे?"

"म्हणजे माझा मामा तिकडेच आहे, स्वतः बोलला."

"सुक्रे. पांढरं शहर आहे म्हणे. सगळ्या भिंती पांढऱ्या."

एदसोनने त्याच्याकडे बघितलं. "ग्रोवर, मी आठ वर्षं भिंती पांढऱ्या करतोय."

"ते पण खरंच." ग्रोवरने सुक्रे खोडलं.

"जंगलात जाऊ, रुरेनाबाकेला," ग्रोवर म्हणाला. मग पिवळ्या तापाची सुई लागते, मग ती सुई दहा दिवस आधी घ्यावी लागते, मग जंगल खोडलं. बुधवारी रेमिहियो म्हणाला, मी नेतो माझ्या गाडीने आडवाटेने, मला वाट माहीत आहे. तासाभराने म्हणाला, वाट माहीत नाही पण विचारत जाऊ. संध्याकाळी म्हणाला, क्लच प्लेट गेली. पुठ्ठ्यावर एवढे बाण झाले की कुठला बाण कुठे निघालाय ते समजेना. ग्रोवरने एकदा उलटा धरून बघितला. उलटा जरा बरा दिसत होता.

गुरुवारी गारा पडत होत्या. पत्र्यावर असला आवाज की ओरडून बोलावं लागत होतं. एदसोन आत अंग चोरून बसला, बॅग मांडीवर.

"सुटला का?"

"उद्या सुटेल!"

"काय?"

"उद्या! उद्या सुटेल म्हणतायत!"

एदसोन काही तरी बोलला, ते गारांत गेलं. मग गारा थांबल्या एकदम, आणि तेवढंच वाक्य उरलं. "उद्या शुक्रवार आहे, ग्रोवर."

त्याने बॅग उचलली आणि घरी गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी ग्रोवरने टपरी उघडलीच नाही. पुठ्ठा कपाटामागे सारला. दोस्ताला मैदान दाखवता आलं नाही, निदान एक चिमुकली बॅग तरी देऊ, सुखरूप जाईल पोरगं. अशी वस्तू दुसऱ्याच्या हातून मिळाली तरच फळते, स्वतः घेऊन उपयोग नसतो. केबल कारने तो खाली जत्रेत गेला.

नीवेस मावशी साल्तेन्या, म्हणजे रश्श्याची करंजी खात होती, रस मनगटापर्यंत आलेला. "आलास? चोवीस तारखेला दुपारी बारा वाजता यायचं असतं. आता एकेकोबाबा जेवून झोपला."

"मावशी, बॅग दे एक. एदसोनसाठी. आणि आत परतीचं तिकीट घाल."

"परतीचं?" मावशीने बोटं चाटली. "परतीचं नसतं. सतरा वर्षं बसत्ये इथे, परतीचं तिकीट कोणी मागितलं नाही. छापतच नाहीत. जो तो जायचंच नेतो."

"मग कोरं दे एखादं."

तिने खोक्यातून मागची बाजू कोरी राहिलेलं एक शोधून दिलं. मग लाल रंगाची, काडेपेटीएवढी बॅग निवडली आणि गुंडाळायला शेजारच्या ढिगातून एक कागद ओढला.

ग्रोवरने तो कागद बघितला. आधी नुसता बघितला. मग मावशीचा हात धरला.

"अरे, सांडेल!"

तळहाताएवढं वर्तमानपत्र. चार पानांचं, घडी घातलेलं. पहिल्या पानावर मुंगीएवढ्या माणसांनी फावडी धरलेली आणि वर ठळक अक्षरं: उयुनी बंद!

"मावशी, हे काय आहे?"

"चोवीस तारखेचा पेपर. दर वर्षी नाही का निघत छोटा, थट्टेच्या बातम्यांचा? वाचला नाहीस? त्यातलं ते मिठाचं वाच, मी पोट धरधरून हसले. बुटांना चिकटलेलं मीठ परत द्या म्हणे!" मावशी परत हसायला लागली. "मीच फोटो काढून पाठवला होता सगळ्यांना. तुला नाही आला?"

आला होता की. फिरत फिरत, तीन दिवसांनी, कुठल्या कुठल्या ग्रुपमधून. ग्रोवरने मोबाईल काढून फोटो उघडला आणि कागद शेजारी धरला. तोच. कोपरा दुमडलेला तोसुद्धा तोच. मोबाईलच्या काचेवर काय, मोठा पेपर पण तेवढाच दिसतो आणि चिमुकला पण तेवढाच. फोटोत मावशीचा अंगठा आला असता तर समजलं असतं. अंगठा नव्हता. आणि हा माणूस दिवसभर डोळ्यात भिंग घालून बसणारा. राईचा पर्वत बघायची सवय लागलेली.

त्याने मावशीला सगळं सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं, साल्तेन्या खाली ठेवली, आणि तो शब्द म्हणाली जो मला इथे परत वापरता येत नाही.

"पण ट्रक?" ग्रोवर म्हणाला. "भाजीवालीचा दीर?"

त्याने आईला फोन लावला. "आई, तुला ट्रकचं कोणी सांगितलं?"

"भाजीवालीने."

"तिला कोणी सांगितलं?"

"तिचा दीर दोन दिवस फोन उचलत नव्हता. मग रेमिहियो तिला म्हणाला, रस्ता बंद आहे, तिकडेच अडकला असणार."

"आणि रेमिहियोला कोणी सांगितलं?"

फोनवर मागे आईचं पातेलं खदखदत होतं.

"तूच ना रे?" आई म्हणाली.

साठ ट्रक, सूप, नन्स, मंत्री. सगळं त्याच्या तोंडून निघालं होतं आणि गल्लीला फेरी मारून त्याच्याकडेच साक्ष द्यायला आलं होतं. आणि दीर? दीर ओरुरोला मेहुण्याकडे पीत बसला होता, ते नंतर समजलं.

मग त्याने बसच्या तिकीटखिडकीवर फोन लावला.

"उयुनीचा रस्ता?"

"रोज चालू आहे. आठवडाभर गेली की गाडी. दोन दिवस निम्मी रिकामी गेली, कोणी मेल्याने अफवा उठवली होती रास्ता रोकोची. सीट हव्यात का?"

केबल कारमध्ये बसून ग्रोवर बोटांवर मोजत होता. आज संध्याकाळी निघालो. शनिवारी सकाळी सहाला उयुनी. दिवसभर मीठ. संध्याकाळची परतीची बस, ती इथे रविवारी सकाळी सहाला. विमान सहाला. परत मोजलं. सहाला बस, सहाला विमान. तिसऱ्यांदा दुसऱ्या हातावर मोजलं, म्हणजे फरक पडेल जणू. समोरची बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

मग त्याने खिशातून भिंग काढलं, डोळ्यात अडकवलं, आणि कोऱ्या तिकिटावर सर्वांत बारीक पेनाने काही तरी लिहिलं.

एदसोनच्या अंगणात इर्माकाकू, त्याची आई, पाटीभर बटाटे सोलत बसली होती. उद्याच्या जेवणाचे. "आत आहे," ती म्हणाली. "बोल त्याच्याशी. कालपासून भिंतीकडे बघतोय."

एदसोन बाहेर आला. दोघं पाण्याच्या टाकीशी उभे राहिले.

"सुटला का?" एदसोनने विचारलं. सवयीने.

"एदसोन, तो बसलाच नव्हता."

"कोण?"

"रास्ता रोको. नव्हताच." आणि ग्रोवरने तो चिमुकला पेपर त्याच्या हातावर ठेवला.

एदसोनने वाचला. डोळ्याजवळ नेऊन वाचला. मग लांब धरून. मग ग्रोवरकडे बघितलं, परत पेपरकडे.

"हा अलासितासचा पेपर आहे."

"हो."

"थट्टेचा."

"हो."

"चार दिवस," एदसोन म्हणाला. "चार दिवस मी बॅग मांडीवर घेऊन तुझ्या त्या डब्यात बसलो." त्याचा आवाज चढला तशी काकूची सुरी थांबली. "मी रोज आईला सांगायचो, ग्रोवर करतोय ना, ग्रोवर बघतोय ना. एकदा, फक्त एकदा तू मला तो फोटो दाखवला असतास तर मी ओळखला असता! गेल्या शुक्रवारी मी स्वतः तिथे होतो, जत्रेत!"

 "आत्ता निघू," ग्रोवर म्हणाला. "संध्याकाळची बस आहे. सीट आहेत. दोन तास बघू आणि मिळेल त्या ट्रकने परत..."

"आणि ट्रक अडकला तर?"

"नाही अडकणार."

"तू सांगणार मला, काय अडकतं आणि काय नाही?"

एदसोनने वळून अंगणात बघितलं. त्याची आई पाटीजवळ सुरी हातात धरून बसली होती, सालं पदराएवढी पसरलेली. पाटीत बटाटे निम्म्याहून जास्त सोलून झाले होते.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. उद्या ती कोणाला वाढेल?"

मग एदसोनने पेपर परत उघडला. ओठ हलवत वाचत राहिला.

"बुटांना चिकटून जाणारं मीठ," तो म्हणाला. "हे वाचून तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना."

"काय वाटलं?"

"वाटलं, बरोबर आहे त्यांचं."

एदसोनच्या नाकातून एक आवाज आला. ग्रोवरला वाटलं रडतोय. मग दिसलं की नाही, हसतोय, टाकीला धरून, आणि थांबत नाहीये, आणि मध्येच डोळे पुसतोय, त्यामुळे नक्की काय चाललंय ते त्याला कळेना. काकू उठून आली. "काय झालं? कोण गेलं?" एदसोनने तिच्या हातात पेपर दिला. तिला चष्म्याशिवाय दिसेना. ग्रोवरने तिला भिंग दिलं. तिने सगळं वाचलं, भिंग परत दिलं आणि हातातली साल ग्रोवरच्या डोक्यावर ठेवली. "उद्या बारा वाजता जेवायला ये," म्हणाली. "आणि वाटेत काही वाचू नकोस."

ती गेल्यावर ग्रोवरने लाल बॅग काढली. एदसोनने नखाने कडी उघडली. आत पासपोर्ट, जायचं तिकीट, आणि त्याखाली दुसरं.

"हे काय लिहिलंय? दिसत नाही."

ग्रोवरने भिंग पुढे केलं.

"माद्रिद ते एल आल्तो," एदसोन वाचत होता. "एल आल्तो ते उयुनी. सीट दोन. एक खिडकीची." त्याने भिंग काढलं. "तारीख नाही."

"तारखेला जागा नव्हती."

"आणि त्या म्हातारीला काय सांगू मी?"

"खरं सांग. सांग की दोस्ताने पेपर वाचला." मग ग्रोवरला एकदम सुचलं. "नाही तर असं करू. पुढच्या महिन्यात मीच जातो. व्हिडिओ कॉल लावतो, मैदानाच्या मधोमध उभा राहून तुला दाखवतो सगळं, म्हातारीला पण..."

"खबरदार." एदसोनने बॅगेची कडी लावली. "व्हिडिओ मारलेनेकडे शंभर आहेत. तू बघून आलास तर मी परत येऊन कोणाबरोबर जाऊ? तू आधी जायचं नाहीस. कोणी फुकट नेलं तरी नाही. बोल."

"नाही जाणार."

"असं नाही. नीट बोल."

ग्रोवरने डोक्यावरची साल काढून खिशात टाकली आणि हात पुढे केला. "आईची शपथ, एदसोन. तुला दोन वर्षं लागू देत नाही तर वीस, तू येईपर्यंत मी त्या मिठावर पाय ठेवणार नाही."